सृष्टीचा चौथा फॉर्म

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या सृष्टी इंगोलेचं ध्येय अगदी पक्कं होतं. फक्त ते दर महिन्याला वेगळं असायचं. जूनमध्ये ती जर्मनीला निघाली. शनिवार पेठेत क्लास लावला आणि दात घासतानाही जर्मनमध्ये वीसपर्यंत मोजू लागली. ऑगस्टमध्ये वाशीमहून बाबांचा फोन आला, तशी तिला सरकारी नोकरीची ओढ लागली. मग विमानातून रुग्ण नेणाऱ्या नर्सचा व्हिडिओ पाहिला, आणि दोन दिवस पोरगी जमिनीवर नव्हतीच.

आता मात्र गळ्याशी आलं. इंटर्नशिपचा वॉर्ड निवडून शनिवारी पाचपर्यंत फॉर्म द्यायचा होता. एकदा दिला की सहा महिने बदल नाही. शिवाय फॉर्मच्या तळाशी एक प्रश्न होता : पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल? तीन फॉर्म खाडाखोडीत गेले. चौथा देताना कॉलेजातल्या तेजस्विनी मॅडम म्हणाल्या, "हा शेवटचा. जर्मनीला जाताना परत देऊन जा."

शनिवारी तीन वाजता तो कोरा फॉर्म एप्रनच्या खिशात घालून सृष्टी पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात फेऱ्या मारत होती. सरळ असलेल्या चादरी पुन्हा सरळ करत होती. तिच्याकडे पाहून पेशंटांना गरगरायला लागलं.

सात नंबरवर रंगराव होते, तांबट आळीतले. मधुमेह, पायाला जखम. ड्यूटीच्या वहीत चार दिवस एकच नोंद : दुखत नाही.

"आजोबा, पाय कसा आहे?"

"ठीक आहे."

"जेवलात?"

"ठीक आहे."

सृष्टीला शंका आली. चेहरा तसाच ठेवून तिने विचारलं, "काल लंडनला गेला होतात का?"

रंगरावांनी मान डोलावली. "हो, ठीक आहे."

पन्नास वर्षं तांब्यावर हातोडे मारून कान गेले होते, आणि ते कबूल करण्याइतके रंगराव लहान नव्हते. सृष्टीने कागदासाठी खिसे चाचपले, हाताला लागला तो काढला आणि त्याच्या मागच्या बाजूला ठळक लिहिलं : पाय दुखतो का?

रंगरावांनी चष्मा लावला, पेन मागून घेतलं आणि शांतपणे लिहिलं : मंगळवारपासून. विचारायला बराच वेळ लागला आपल्याला.

डॉक्टरांनी पट्टी सोडली तर आत पू साठलेला. "आणखी दोन दिवस गेले असते तर बोटं गेली असती," ते म्हणाले. सिस्टरने तो कागद पुरावा म्हणून केसपेपरला टाचून टाकला.

पाचला पाच मिनिटं कमी असताना सृष्टी मॅडमसमोर उभी होती.

"मॅडम, फॉर्म सात नंबरच्या केसपेपरला लागला."

मॅडमना सगळं कळलेलं होतं. त्यांनी रजिस्टर ओढलं. "मग तोंडी सांगा. वॉर्ड?"

"मेल सर्जिकल." डोक्याला विचारण्याआधीच तोंड बोलून गेलं.

"आणि पाच वर्षांनी?"

सृष्टी या पायावरून त्या पायावर झाली. "ते सोमवारी सांगितलं तर चालंल का?"

मॅडमनी 'ध्येय' या रकान्यात 'प्रलंबित' असं लिहून सही केली.

जिना उतरताना तिला वाटलं, आयसीयू म्हणायला हवं होतं. तीन पायऱ्या उतरून ती थांबलीसुद्धा. मग परत वर आली.

"आता काय?" मॅडम म्हणाल्या. "वॉर्ड बदलणार नाही."

"नाही मॅडम. एक वही पाहिजे होती. दोनशे पानी. चार दिवसांचं सांगायचं राहिलंय म्हणतात आजोबा."