बेटावर पुन्हा नाही

फादरनी हातमोजे मागितले.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारची संध्याकाळ होती. शहरातल्या चर्चमध्ये वेदीसमोर बारा खुर्च्या, बारा माणसं, प्रत्येकाचा उजवा पाय उघडा. येशूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून त्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात, पुसतात आणि वाकून पायांचा मुका घेतात. मी तेव्हा शाळेत होते. शेवटच्या खुर्चीवर माझा बा बसला होता. त्या वर्षी बाहेरदेशचे पाहुणे आले होते आणि त्यांना दाखवायला आमच्या वसाहतीतला एक माणूस हवा होता. महारोग्यांची वसाहत. बाचा रोग माझ्या जन्माआधीच बरा झाला होता. पण गेलेली बोटं काही परत आली नाहीत, आणि लोकांना बोटंच दिसतात.

बा सकाळपासून न्हाणीत बसून दगडाने टाच घासत होता. माय ओरडली, "आवं, रगत निघंल की!" त्याला कळत नव्हतं. त्या पायाला काही कळायचंच नाही.

अकरा जणांचे पाय फादरनी उघड्या हातांनी धुतले. त्यात शाळेचे हेडमास्तर होते, कंत्राटं घेणारे गुत्तेदार होते, एक पोलीसपाटील होते. बासमोर आल्यावर फादरनी मागे न बघता हात पुढे केला आणि सिस्टरनी त्यांच्या हातात रबरी हातमोजे ठेवले. आधीच आणून ठेवलेले होते. म्हणजे कुणीतरी आधी बसून हे ठरवलं होतं. फादरनी लांबून पाणी ओतलं, कागदाने पाय टिपला आणि उठले. मुका नाही. पाहुण्यांनी फोटो काढला. बा फोटोत हसतोय.

घरी येताना मी त्याला मोज्यांचं विचारलं. बा म्हणाला, "फादरचं काय चुकलं? डागदर बी घालतेतच की." डॉक्टर कुणाच्याच पायाचा मुका घेत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. पण राग तेव्हाच पेटला होता. तो अजून विझलेला नाही, आणि विझावा असं मला वाटतही नाही.

बा अहमदपूरकडच्या एका गावचा. घरची जमीन, बैलजोडी, चार भाऊ. पाठीवर चट्टा दिसला तेव्हा त्याचं लग्न ठरत होतं. गावात रगतपिती म्हणाले. थोरल्या भावाने त्याला दवाखान्यात न्यायचं सांगून गाडीत बसवलं आणि नांदेडच्या खालच्या अंगाला गोदाकाठी आणून सोडलं. तिथे नदीच्या दोन धारांमध्ये एक बेट आहे. त्या काळी असल्या माणसांना तिथेच टाकत. नावाडी काठावर उतरवायचा, बेटावर पाय ठेवायचा नाही. भाकरीचं गाठोडं वाळूत फेकायचा. पावसाळ्यात पाणी चढलं की तेही नाही.

मग एक म्हातारे फादर आले आणि तिथेच राहिले. त्यांनी कुडाचं छोटं चर्च बांधलं. बा सांगतो, त्यांनी पहिल्या दिवशी बाच्या ताटात जेवण केलं. बाला येशू पुस्तकात भेटला नाही, त्या ताटात भेटला. माय पण तिथलीच, बिदरकडून आलेली. तिच्या मराठीत शेवटपर्यंत कानडी शब्द यायचे. दोघांचं लग्न त्याच कुडाच्या चर्चमध्ये लागलं. कोणी मला म्हणतं, तुम्ही तांदळासाठी बाटलात. मी म्हणते, हो, भूक होतीच की. तुमच्या देवाने नाव का नाही पाठवली?

पुढे गोळ्या आल्या, रोग बरा झाला, वसाहत नदीच्या अलीकडे आली. बेट रिकामं झालं. पण मेलेलं माणूस मात्र अजून बेटावरच न्यायचं. शहरातल्या चर्चला लागून ख्रिस्ती दफनभूमी आहे, पक्की भिंत, लोखंडी दार. तिथे आमचं एकही माणूस नाही. असा नियम कुठे लिहिलेला नाही. रीत आहे म्हणतात. रीत म्हटलं की विचारायचं कुणाला?

मी एसटीत कंडक्टर आहे. लातूर-नांदेड. दिवसभर शेकडो हात माझ्या हाताला लागतात. सुट्टे पैसे, तिकीट, म्हातारीला वर ओढून घेणं. कुणी विचारत नाही तू कुणाची. अहमदपूरच्या पुढे एका फाट्यावर बाच्या गावची माणसं चढतात. एकाचं कपाळ हुबेहूब बाचं आहे. मी त्याला तिकीट देते आणि पुढे सरकते.

गेल्या पावसाळ्यात शेजारची रोजामावशी गेली. नदीला पूर होता, नावाडी म्हणाला, पाणी उतरू द्या. शवपेटी वसाहतीच्या समाजमंदिरात ठेवली. आम्ही बर्फ आणला, उदबत्त्या लावल्या, जपमाळ म्हटली. वास सुटला तरी पाणी उतरेना. दफनभूमी तर बाजार ओलांडला की लगेच. तिसऱ्या दिवशी पाणी जरा उतरल्यावर तिला बेटावर नेलं, आणि नावेत पेटीखालून पाणी गळत होतं. ते कसलं पाणी होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवसापासून बाचं खाणं तुटलं. एकदा मी त्याच्या पायाला पट्टी बांधत होते. तो म्हणाला,

"मला जित्तेपणी एकदा टाकलं तिथं. मेल्यावर पुन्हा टाकू नगंस."

एवढंच. बाने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं, आणि मला झोप येईनाशी झाली. गाडीत घंटी मारतानाही डोक्यात तेच. बाला आता दम लागतो. त्याच्याजवळ वेळ कमी आहे.

यंदाच्या उपवासकाळात रविवारच्या प्रार्थनेनंतर, मिस्सेनंतर, चर्चच्या समितीने मला थांबवून घेतलं. समितीचे अध्यक्ष तेच हेडमास्तर, आता निवृत्त. सगळे त्यांना सर म्हणतात. दफनभूमीच्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडेच असते. नवे फादर तरुण आहेत, ते बाजूला बसले होते.

सर म्हणाले, "यंदा पवित्र गुरुवारी बिशप येणार आहेत. तुझ्या वडिलांना पाय धुवायला बसवायचं ठरलंय. तुमच्या वसाहतीचा मान आहे."

मी विचारलं, "आणि मेल्यावर?"

"म्हणजे?"

"मेल्यावर त्यांना कुठं ठेवायचं ठरलंय?"

सर हसले. "तुमची बेटाची रीत आहे ना, बाळ. पवित्र जागा आहे ती. तुमच्या लोकांचीच इच्छा असते."

"कुणाची इच्छा? एक नाव सांगा."

मग समितीतल्या एक बाई म्हणाल्या, "लोकांच्या पण भावना असतात गं. सणाला आमची लेकरं येतात तिथं मेणबत्त्या लावायला."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "मेलेल्या माणसाची हाडं उठून तुमच्या लेकरांना शिवणार हायत का? जित्ता बा फोटोला चालतो, मेलेला चालत न्हाई. लई भारी धर्म हाय तुमचा! तुमचा म्हणते. माझा येशू बेटावरच्या ताटात जेवलाय."

फादर म्हणाले, "पुढच्या बैठकीत बघू."

"बघा. पण बाचे पाय यंदा मिळणार न्हाईत. दुसरं कुणी मिळतंय का शोधा."

मी उठले. वसाहतीत पोचायच्या आत बातमी पोचली होती. लोक चिडले. "चर्चवाले दवाखान्याच्या पट्ट्या बंद करतील, तुझं काय जातंय, तुला सरकारी पगार हाय." खरं आहे. त्यांची भीती खरी आहे. मला त्यांचा राग येत नाही, ज्यांनी ती भीती पोसली त्यांचा येतो.

आणि बा? मला वाटलं होतं तो पाठीवर हात ठेवेल. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

"बिशप धुणार होते पाय," म्हणाला. "माझा मान घालवलास तू."

हे मला सगळ्यांत जास्त लागलं. इतकी वर्षं त्याला जे उष्टं मिळालं, तेच त्याला प्रसाद वाटतं. मी रडले नाही. भाकरी वाढली. तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्युटीवर निघाले, खाकी घातली, बॅग खांद्याला लावली, तेव्हा त्याने हाक मारली.

"पण बेटावर न्हाई नेणार ना?"

"न्हाई."

"सर कुलूप लावतील."

"लावू दे."

तो भिंतीकडून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "जा, गाडी सुटंल."

बैठक अजून झालेली नाही. सर मला बघून रस्ता बदलतात. कोणी सांगतं, जरा नमतं घे, बिशपना अर्ज कर, वशिला लाव. मी अर्ज करणार नाही. बाला मातीत जागा मागायला मी कुणाच्या दारात हात जोडून उभी राहणार नाही.

बा गेला की नावाड्याला निरोप जाणार नाही. पेटी वसाहतीतून निघेल ती भर बाजारातून, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दफनभूमीच्या दारात येईल. कोणी खांदा दिला तर ठीक, नाही दिला तर हातगाडीवर आणीन. दाराला कुलूप असेल तर पेटी तिथेच दारात ठेवीन आणि बाजूला बसेन. शेजारीच चर्च आहे. मिस्सेला येणाऱ्यांनी आम्हा बापलेकीला ओलांडून आत जावं आणि तिथे क्रुसाची खूण करावी.

मी उठणार नाही.