दुखणं कुणाकडचं

माझी नात मुंबईत पीएचडी करते, किडनीच्या दुखण्यावर. घराण्यात उतरणारं दुखणं. किडनीत पाण्याचे फोड येतात, वाढत जातात आणि शेवटी किडनी काम सोडते. हे फोड वाढू न देणारं औषध ती शोधते. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या मुलाला, तेच आहे. आठवड्यातून दोनदा अलिबागला डायलिसिसला जातो. मी शिकलो चौथी, पण एवढं मला नीट समजतं.

हे दुखणं बायकोच्या माहेरचं, असं मी मुलाचं दुखणं कळल्यापासून बारा वर्षं म्हणत आलो. तिचा बाप अंग सुजून गेला, हे सगळ्या गावाला माहीत. बायको उलट बोलायची नाही, भांडी आपटायची.

गेल्या सुट्टीत नात कागद घेऊन बसली. बाप्याला चौकोन, बाईला गोल, अशी घराण्याची वंशावळ काढत होती.

"आजोबा, तुमची आई कुठली?"

"चौलची. तुझ्या आजीच्या बापाची सख्खी बहीण. मी मामाचीच मुलगी केली ना!"

तिने दोन्ही रेघा नेऊन एकाच घराला जोडल्या आणि माझ्याकडे बघत राहिली.

बायको बाजूला वाल सोलत होती. म्हणाली, "बघा आता. माझं म्हायेर ते तुमचं आजोळ. आत्यानं आणलं का मी आणलं, कोण सांगणार?"

"माझी आई धडधाकट व्हती."

"बाळंतपणात गेली ती, तिशीत. धडधाकट कधी ठरली?"

"दोघांची सोनोग्राफी केली तर कळेल," नात म्हणाली.

"मला काय झालंय? अजून भाताचं पोतं उचलतो."

"घाबरले," बायको वालांकडे बघूनच म्हणाली.

एवढं ऐकल्यावर कोण थांबतो? दुसऱ्या दिवशी अलिबाग गाठलं. रिक्षात पुढे मी, मागे त्या दोघी.

बायकोचं सगळं साफ निघालं. माझ्या पोटावर मात्र डॉक्टर यंत्र पुन्हा पुन्हा फिरवायला लागला. पडद्यावर काळे काळे गोळे दिसत होते.

बाहेर नातीने माझा हात धरला. "आजोबा, तुमचे फोड फार सावकाश वाढलेत. बाबांचे भरभर. एकच दुखणं, मग असं का, हेच आम्हाला शोधायचंय. रक्त द्याल?"

"बाटलीभर घे."

"एक नळी पुरे हो!"

रक्ताचं काही नव्हतं. बाकावर बायको बसली होती, तिच्यापर्यंत जाणं अवघड होतं. गेलो.

"माझ्याकडचं निघालं," मी म्हणालो. "तुझ्याकडचं न्हाय."

"मोठ्यानं सांगा. ऐकू येत न्हाय."

ऐकू तिला चांगलं येतं. मी मोठ्याने सांगितलं. बाकावरची माणसं बघायला लागली. तिने पदराने डोळे पुसले.

"आता हेच पोराला सांगा. तुमचं ऐकून त्यानं मामाकडं जाणं टाकलंय."

घरी येऊन त्यालाही सांगितलं. थोड्या वेळाने त्याला चौलला फोन करताना ऐकलं, "मामा, रविवारी येतो. आईला घेऊन."

"मी पण येणार हाय," मी आतून ओरडलो. "माझंही आजोळ हाय ते."