दोन इंच कमी

चौकातल्या शिंपीकाकांच्या दुकानात गेली तीस वर्षं एकाही बाईची कंबर वाढली नव्हती. काका टेप गुंडाळून खणखणीत आवाजात पुकारत, "अठ्ठावीस!" आणि कोपऱ्यात बसलेल्या काकू वहीत निमूटपणे तीस लिहीत. नवं नवं दुकान होतं तेव्हा काका खरं ते बोलायचे. त्यापायी तीन गिऱ्हाइकं रुसून समोरच्या शिंप्याकडे गेली, तेव्हा नवराबायकोचं हे ठरलं. कापड मापाने बेतायचं आणि बोलणं माणूस बघून! पुरुषांची छाती काका दोन इंच वाढवून सांगत. कपडे अंगावर चपखल बसत, त्यामुळे चौकशीची वेळ कुणावर आली नाही.

त्या दुपारी बाकावर बेकरीवाली, तिची नणंद आणि पोस्टातल्या बाई नंबर लावून बसल्या होत्या. एवढ्यात शाळेतल्या गणिताच्या बाई आल्या. मोठ्या आजारातून उठलेल्या, जुना ड्रेस अंगावर नुसता लोंबत होता. बाकावरच्यांनी त्यांना आधी जाऊ दिलं. काकांनी टेप गुंडाळला आणि सवयीने पुकारलं, "अठ्ठावीस!"

बाई मटकन स्टुलावर बसल्या.

"हॉस्पिटलातून निघताना नर्सने मोजली, तेव्हाही अठ्ठावीसच होती," त्या म्हणाल्या. "चार महिने ताट चाटूनपुसून जेवतेय, पण अंगी काही लागलंच नाही. सोमवारी शाळेत रुजू होणार होते. आता राजीनामाच देते."

काका घाईघाईने म्हणाले, "अहो, टेप सरकला! तीस आहे, तीस!"

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नका, काका."

आता आली का पंचाईत! जन्मभर खोटं पचलं आणि खरं बोलले तर कुणी घेईना. खुलासा करायचा तर बाकावर तीन कंबरा कान टवकारून बसलेल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडली की दुकानाचं काय होणार? त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी डोळे वटारले. या बाईंनी राजीनामा दिला तर आपण तोंड कुठे लपवायचं, हे काकांना त्या नजरेतच कळलं.

"बाई," काका घसा खाकरून म्हणाले, "मी सगळ्यांचीच दोन इंच कमी सांगतो. तीस वर्षं सांगतोय."

बाकावरच्या तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आणि आत्ता खरं बोलताय, हे कशावरून?" बाईंनी गणिताच्या तासाला विचारावं तसं विचारलं.

काकांनी टेप त्यांच्याच हातात दिला. बाईंनी तो कमरेभोवती घेतला, मान खाली घालून आकडा वाचला, पुन्हा वाचला. "तीस," त्या पुटपुटल्या. मग वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडल्या, "तीस!" त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या.

त्या गेल्यावर बेकरीवाली उठली आणि काकांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काका अंग चोरून उभे.

"घ्या माप. आमच्या घरी काय आरसे नाहीत? सगळं ठाऊक आहे आम्हाला," ती म्हणाली. "पण आरसा मेला कधी गोड बोलत नाही. तुम्ही आपलं नेहमीसारखंच पुकारा."

 काकांनी टेप गुंडाळला आणि तीन इंच कमी पुकारले.