साडूंनी पास केलेला बर्नर

माझ्या साडूंनी आजवर एकही वस्तू पहिल्या फेरीत पास केलेली नाही, आणि वस्तूंमध्ये मी स्वतःलाही धरतो. माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना ते देवासला येऊन मला पाहून गेले आणि धारला परतल्यावर सासूबाईंना म्हणाले, "मुलगा ठीक आहे, पण फिनिशिंग थोडी कमी वाटते." पीथमपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात उभा जन्म काढलेला हा माणूस. शिफ्टच्या बसने रोज घरी परतताना तपासणी तिथेच ठेवून यायचं त्यांना कधी जमलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर तर ती चोवीस तासांची झाली. शर्टाच्या खिशात चष्म्याशेजारी जाडी मोजायचं पोलादी व्हर्नियर असतं. भेंडी घ्यायला उभे राहिले की भाजीवाली आपणहून टोपली उलटी करते, कारण शेवटी ते तेच करायला लावणार हे तिला ठाऊक. एका होळीला माझ्या बायकोने केलेली पुरणपोळी त्यांनी ताटातल्या ताटात मोजली आणि अत्यंत आपुलकीने म्हणाले, "किनार पे दो मिलीमीटर, मध्ये साडेतीन. चव एक नंबर आहे हो, पण माल एकसारखा नाही." माझी बायको धाकटी, मोठ्या बहिणीचे यजमान म्हणून गप्प बसली. मोठी बहीण, जिला मी वहिनी म्हणतो, ती मात्र वाढता वाढता म्हणाली, "मला कसं पास केलं यांनी, देव जाणे!" त्यावर साडू लाजले. लाजलेले साडू फार गोड दिसतात. बाकी ते जगाला 'भिया', म्हणजे भैया, म्हणतात. मला, डॉक्टरांना, आणि सासरे होते तोवर त्यांनाही म्हणत.

अशा माणसाला घरच्या कॉम्प्युटरसाठी डीव्हीडी बर्नर, म्हणजे डिस्क भरायचं यंत्र, निवडायचा होता. आता हे यंत्र शोधत कोण फिरतं! पण त्यामागे एक कारण होतं. साडूंचं लहानपण निसरपूरला गेलं. वडील तिथे मास्तर होते, आई लवकर वारली, आणि शेजारच्या बाईने यांना आपल्या पोरांच्या पंगतीत बसवून मोठं केलं. तिला ते माय म्हणतात. पुढे ते गाव धरणात बुडालं. पाणी शिरण्याआधी साडू व्हिडिओ कॅमेरा घेऊन दोन दिवस तिथे फिरले आणि मायचं घर, ओटा, गोठा, चूल, सगळं टिपून आणलं. माय आता पुनर्वसनाच्या नव्या वसाहतीत मुलाकडे राहते. टीव्हीखाली जुना डीव्हीडी प्लेयर आहे, त्यात भजनांच्या डिस्क ती स्वतःच्या हाताने लावते. तिला काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसरा चाललेला. तो जायच्या आत तुझं घर तुला डिस्कवर आणून देतो, असं साडूंनी तिला कबूल केलं होतं.

मी म्हटलं, "साडूभाऊ, लॅपटॉप घेऊन जाऊ आणि दाखवून येऊ."

"आणि परत आल्यावर? तिच्या मनात येईल तेव्हा तिला लावता आलं पाहिजे ना, भिया."

"मग दुकानातून डिस्क करून घ्या."

"दुसऱ्याच्या हातचा माल? माय पाहायला बसली आणि बीच में अटक गई तो?"

मग आमच्या इंदूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. दुकानदार म्हणायचा, "अंकल, अब ये लेता कौन है? पेनड्राइव ले जाओ." साडू शांतपणे सांगायचे, "भिया, जिसके लिए ले रहा हूँ, उसके टीवी में छेद ही नहीं है." मग खोकी उघडली जायची. साडू प्रत्येक बर्नरचा ट्रे पन्नास वेळा आत-बाहेर करायचे, डोळे मिटून त्याला कान लावायचे, व्हर्नियरने कडा मोजायचे आणि वहीत लाल पेन्सिलीने शेरा मारायचे. एकाचा ट्रे झटका देऊन बाहेर येतो म्हणून नापास. दुसऱ्याचा दिवा विनाकारण लुकलुकतो म्हणून नापास. तिसऱ्याचं खोकंच कोपऱ्याला चेपलेलं होतं. "खोका गिरा है, तो अंदर वाला भी गिरा होगा," असं म्हणून त्यांनी ते उघडूसुद्धा दिलं नाही. संक्रांतीला सुरू झालेला हा शोध गणपतीपर्यंत आला तेव्हा मी खरंच चिडलो. मी म्हटलं, तुमची तपासणी संपेपर्यंत माय थांबेल, तिचा डोळा थांबणार आहे का? परतीच्या वाटेवर ते चहासुद्धा न तपासता प्यायले, तेव्हा मला माझ्याच बोलण्याचं वाईट वाटलं.

नवरात्रात मायच्या मुलाचा फोन आला. दारात आलेल्या माणसाला ती आता आवाजावरून ओळखत होती. दुसऱ्या दिवशी साडू एकटेच इंदूरला गेले आणि बर्नर घेऊन आले. पण तो सुरू करणार कसा? खंडेनवमी दोन दिवसांवर होती, आणि पूजा न झालेलं हत्यार कामाला लावायचं नाही ही त्यांच्या घरची रीत. मी त्या दिवशी मुद्दाम धारला गेलो. पाटावर व्हर्नियर, पक्कड, वहिनींची कात्री आणि मधोमध नवा बर्नर. साडूंनी त्याची वायर जोडली, बटण दाबून ट्रे बाहेर काढला आणि त्यात हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या. मग नमस्काराला वाकले. कपाळ ट्रेला टेकलं, आणि असले ट्रे त्यांनी आजवर शेकडो वेळा बोटाने ढकलले होते, हा कपाळानेही तितक्याच आज्ञाधारकपणे आत गेला. आतून खडखड आवाज आला. कुणी हसलं नाही. खरं सांगायचं तर मी देवघराकडे तोंड करून हसलो.

दुपारभर साडू वर्तमानपत्रावर बर्नर उघडून बसले. बारीक ब्रशने कुंकू काढलं, चिमट्याने तांदूळ काढले. "अकरा दाणे वाहिले होते," ते म्हणाले, "निघाले दहा." पुन्हा उघडला, पुन्हा दहाच. बर्नर जोडून हलवला की आत कुठेतरी एक दाणा टिकटिकत होता. आता हा नापास होणार आणि आम्ही पुन्हा इंदूरच्या वाटेला लागणार, असं मी धरूनच चाललो होतो. साडूंनी लाल पेन्सिल हातात घेतली आणि शेरा न मारताच परत ठेवली. "चलेगा, भिया," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन त्यांच्याकडे पाहतच राहिल्या.

डिस्क पहिल्या खेपेलाच झाली. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी आम्ही मायकडे गेलो. तिने चाचपत स्वतःच डिस्क लावली आणि टीव्हीपासून हातभर अंतरावर बसली. गल्ली आली, ओटा आला. "म्हारो ओटलो," ती म्हणाली आणि काचेवर तळवा ठेवला. साडू चित्राकडे पाहतच नव्हते, त्यांची नजर प्लेयरवर खिळलेली. तो कुठेही अडला नाही. चूल झाली, गोठा झाला, मग कॅमेरा घराबाहेर पडला, मागे मागे सरत गल्लीत आला, घर लहान होत गेलं आणि चित्र संपलं.

"किवाड़ खुल्लो छोड़ी आयो रे?" माय एकदम ओरडली. "बकरी घुसी जायगी घर में!"

तिचा मुलगा खाली पाहू लागला. चित्रात दार सताड उघडं राहिलेलं मीही पाहिलं होतं.

"नहीं माय," साडू म्हणाले, "साँकल लगाई थी. खींच के भी देखी थी."

मायचं समाधान झालं. त्यांनी ओढून पाहिली म्हणजे साखळी पक्की असणारच, हे तिला ठाऊक होतं. तिने डिस्क पुन्हा पहिल्यापासून लावली. साडू तिच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसले, आणि या वेळी त्यांनी प्लेयरकडे एकदाही पाहिलं नाही.