नवी पाटी येईतोवर

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाई. बायकोले तं नाईच नाई. आज तुमाले सांगून राह्यलो — मधात टोकू नका, नाईतर मी पुन्हा गप होऊन जाईन.

आदिलाबादेत मले सारे कडक हवालदार म्हणतात. विम्याचा कागद नाई? फाडली पावती. सरपंच असो का सख्खा चुलतभाऊ, घे गाडी बाजूले. लोक म्हणतात, याच्या अंगात काय शिरलं बाप्पा? काय शिरलं, तेच सांगतो.

नवं राज्य झालं तेव्हाची गोष्ट. गाड्यांच्या नंबरपाट्यांवरची राज्याची अक्षरं बदलून राह्यली होती. आमच्या बेला गावाकडच्या लोकाइनं मोठं डोकं लावलं — नवी पाटी आली का मंगच विमा काढू, जुन्या नंबरावर काऊन पैसा घालवा? अरे, विम्याले राज्याचं काय घेणंदेणं! गाडी तीच, रस्ता तोच. समजावून समजावून घसा बसला माझा. पावत्याही फाडल्या. पण —

पण एका सकाळी नाक्यावर जीप आली. चालवणारा माझा साळा, बायकोचा धाकटा भाऊ. मागं लग्नाचं वऱ्हाड, सारे सासुरवाडीचे. विमा? नाई. "भाऊजी, पाटी येऊ द्या, काढतोच ना," म्हणे. मागून मामसासरे बोलले, "जवाईबापू आता घरच्याच वऱ्हाडाले दंड मारतेत का?" सारी जीप हसली. मले लाज वाटली. मले काऊन वाटावी? चूक तं त्याची होती! तरी मी हात हलवला. जा म्हटलं.

बाजाराच्या वळणावर त्याच जीपनं कमलाबाईले उडवलं. भाजीवाली बाई, डोक्यावर वांग्याची टोपली. एक पाय गुडघ्यापासून गेला. जीपले विमा नाई, मंग भरपाई कोण देणार? साळ्यापाशी तं जीपशिवाय काहीच नव्हतं, अन् तीही मोडली.

चौकशीत साहेबानं मले विचारलं, जीप नाक्यावरून गेली का? मी म्हटलं, नाई साहेब, शेतातल्या रस्त्यानं गेली असन. खोटं बोललो. धडधडीत खोटं. वऱ्हाडातल्या कोणीच तोंड उघडलं नाई — घरचा जवाई ना मी!

तवापासून हा कडकपणा. लोक शाबासकी देतात, अन् मी — घेतो. तुमाले राग येऊन राह्यला ना? येऊ द्या.

मागच्या बाजारी कमलाबाईपाशी वांगी घेतली. कुबडी बाजूले ठेवून तिनं वजनाच्या वर दोन वांगी माझ्या थैलीत टाकली. म्हणाली, "दादा, तुमी कोणालेच सोडत नाई म्हणतात. त्या दिवशी ती जीप तुमच्या नाक्यावरून आली असती, तं माझा पाय राह्यला असता."

वांगी घरी आणली. बायकोनं भाजी केली. मी जेवलोही.

आता बस झालं. उद्या आधी कमलाबाईपाशी जातो, मंग साहेबापाशी. वर्दी राहो का जावो. बायको माहेरी जाईन तं जावो, सासुरवाडीचं दार बंद होईन तं होवो. माफ कर म्हणणार नाई, तेवढं तोंड मले राह्यलं नाई. तिच्यासमोर उभा राहून एवढंच सांगतो — बाई, त्या दिवशी ती जीप माझ्याच नाक्यावरून आली, मीच सोडली.