खोडलेल्या नावांचा खो

थंडीच्या दिवसांत, भल्या पहाटे, उघड्या पाठीवर तळहात पडल्याचा जो आवाज होतो, तो एकदा ऐकलेल्या माणसास विसरता येत नाही. भरीव, ओलसर, क्षणजीवी. आणि त्याच्याच अंगाला बिलगून उमटणारा तो एकाक्षरी पुकार: खो! यंदाच्या हिवाळ्यात हा आवाज मी रोज पहाटे ऐकला, आणि त्याच्याविषयीच मला लिहावयाचे आहे. परंतु सारे आयुष्य वकिलीत गेल्यामुळे, मनातले सांगण्यापूर्वी दिवस आणि माणसे मांडण्याची खोड मला जडली आहे. तेव्हा, वाचका, तेवढे आधी मांडू दे.

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेनंतरचा पहिला सोमवार. आमच्या व्यायाममंडळाच्या कार्यकारी समितीने खो-खोच्या संघातून तीन गड्यांची नावे खोडली. जबाबदार: ठराव मांडणारे चिटणीस, त्यास अनुमोदन देणारे खजिनदार, आणि ठराव वाचला जात असता उरलेला तिळगूळ चघळीत बसलेले पाच सभासद. माघी पौर्णिमा. शेजारच्या पेठेच्या संघाशी वार्षिक सामना. त्यास जबाबदार नऊ गडी, आणि ज्यांची नावे कोणत्याही कागदावर नाहीत असे आणखी तिघे. महाशिवरात्रीचा दुसरा दिवस. मंडळाचा छापील अहवाल. जबाबदार: चिटणीस, एकटेच. या यादीत अजून एका इसमाचे नाव घालावयाचे राहिले आहे; ते मी योग्य ठिकाणी घालीन.

खो-खो हा खेळ मी चाळीस वर्षे दुरून पाहिला आणि तो मुलांचा पोरखेळ आहे असेच मानीत आलो. किती अज्ञान! अरे, दुसऱ्या कोणत्या व्यवहारात मनुष्य आपली पाठ इतक्या निःशंकपणे दुसऱ्याच्या हाती देतो? आठ गडी एका रेषेत उकिडवे बसलेले, एकाचे तोंड उत्तरेस तर पुढच्याचे दक्षिणेस, नववा धावणारा. बसलेल्याने मागे वळून पाहावयाचे नाही, आपण होऊन उठावयाचे नाही. कोण येतो आहे, केव्हा येतो आहे, हे त्याला ठाऊक नसते. पण पाठीवर हात पडला, कानी खो आला, की त्याच निमिषी त्याने बाणासारखे सुटावयाचे आणि आलेल्याने त्याच्या जागी बसावयाचे. धावणाऱ्याचे श्रम, त्याची दिशा, त्याचा अर्धवट राहिलेला हेतू, सारे एका स्पर्शातून दुसऱ्याच्या देहात उतरते! गुरु-शिष्यांच्या परंपरा आपण थोर मानतो. पण तेथेही विद्या उतरावयास बारा वर्षे लागतात.

आमचा संघ असा तीन वर्षे एकत्र बसलेला होता. त्याचा म्होरक्या ईरप्पा, तेलाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, घरी कानडी बोलणारा, खांद्याने रुंद आणि बोलण्यात मोजका. आणि त्याचा प्राण म्हणजे नरसय्या, तेलुगू विणकरांच्या घरचा, विशीतला, अंगाने सडपातळ. खांबाशी धावत यावे, एका हाताने खांब धरावा आणि सबंध देह त्याभोवती असा फिरवावा की पळणाऱ्या गड्याला ‘आता हा पुढे जाणार’ असे वाटते न वाटते तोच तो पलीकडून अंगावर यावा, ही त्याची करामत पाहावयास माणसे दूर दूर पेठांतून येत. चिटणिसांनी ज्या तिघांची नावे खोडली त्यांत पहिले नाव त्याचे. उरलेले दोघे त्याच्याच आळीतले विणकर.

कारण काय? तर आजवर कागदावरच राहिलेले, मंडळाच्या नियमावलीतील सातवे कलम. ज्याची सायंकाळच्या हजेरीपटावर नियमित नोंद नाही, तो संघातून खेळावयास अपात्र. आता विणकराची सायंकाळ म्हणजे काय, हे समितीतील कोणासही ठाऊक नव्हते. जोवर उजेड आहे तोवर मागावर धोटा इकडून तिकडे चालला पाहिजे. आपण जेव्हा दिवा लावून मैदानात हजेरी घेतो, तेव्हा तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून शेवटचा हातभर कपडा उरकीत असतो. म्हणून हे तिघे पहाटे येत, आळीत उभ्या धाग्यांचा ताणा पसरण्यापूर्वी तासभर मेहनत करून जात. पहाटेची हजेरी घेणार कोण? पहाटे हजेरीपट कपाटात असतो, आणि कपाटाची किल्ली चिटणिसांच्या उशाशी असते! शिवाय हा ठराव वार्षिक सभेत कायम झाला की, त्याच कलमाच्या पोटकलमाने, या तिघांचे सभासदत्वच संपुष्टात येते. एका सामन्यापुरती ही गोष्ट नाही. त्या मैदानात पाऊल टाकण्याचा त्यांचा अधिकार पणाला लागलेला आहे.

नावे खोडल्याचे कळल्यावर दुसऱ्या पहाटे मी मैदानात गेलो तो निषेधाचा मजकूर खिशात घेऊनच. पाहतो तर संघाच्या जागी संघाचे अवशेष. रेषेत तीन नवे चेहरे. त्यांतला सदाशिव नावाचा एक, माढ्याकडून नुकताच गिरणीत लागलेला, उंच, तरतरीत, पण खो मिळण्याआधीच उठणारा. एकदा उठला, दोनदा उठला. तिसऱ्यांदा बसून राहावयाचे ठरवले तर हात पडून गेल्यावरही बसूनच राहिला. जुने गडी हसले. “सद्या, निजलास का काय रं?” असे कोणी ओरडले. मला वाटले, संपले. तीन दात काढलेल्या तोंडाने आता काय चावणार?

तेवढ्यात कुंपणापाशी ते तिघे आले. खोडलेले तिघे! माझ्या अनुभवाने मला दोनच तर्क सुचले: एक तर हे भांडावयास आले, नाहीतर गंमत पाहावयास. नरसय्या सरळ रेषेत शिरला आणि सदाशिवाच्या मागे जाऊन उभा राहिला.

“कुटं बगतोस?” त्याने विचारले.

“तुमी कवा येताय त्ये बगतुया की.”

“मग बगतच बस. डोळं मीट. पाटीनं बग.”

“पाटीला डोळं असत्यात व्हय?”

“मला तीन वर्सं व्हते,” नरसय्या म्हणाला. “आता तुला दिले. संबाळ.”

आणि त्याने हात मारला. आवाजासह, पुकारासह. सदाशिव उठला तो ठीक त्या क्षणी. आणि स्वतःच इतका दचकला की धावावयाचे सोडून मागे वळून बघत राहिला. मैदानभर हशा पिकला. मी मात्र हसू शकलो नाही. खिशातील निषेधाचा कागद मला एकाएकी फार लहान वाटू लागला.

त्यानंतर मी एकही पहाट चुकविली नाही. काय काय पाहिले म्हणून सांगू! ईरप्पा दररोज सर्वांच्या जागा बदली. काल जो खांबाजवळ होता तो आज मध्ये. काल ज्याचे तोंड उत्तरेस होते त्याचे आज दक्षिणेस. कबजा आणि वहिवाट यांच्यावर माझी आयुष्यभराची श्रद्धा. मला राहवेना. मी म्हणालो, “ईरप्पा, सामना तोंडावर आला आहे, प्रत्येकाची जागा एकदा पक्की करून टाक.”

तो घाम पुसत माझ्याजवळ आला. “वकीलकाका, जागा पक्की केली की गडी जागेचा हुतोय, संगाचा ऱ्हात न्हाय. गेल्या सालापतोर आमी तसंच केल्तं. म्हनूनच तिगं गेल्यावर तीन भोकं पडली.”

“आणि आता?”

“आता भोकंच फिरवतोय रोज. कुनालाच कळू देत न्हाय, कुटलं भोक कुनाचं.”

वाचका, माझ्या सबंध वकिलीत मी एवढे शहाणे वाक्य कोणत्याही न्यायासनावरून ऐकलेले नाही. आपण रिकाम्या झालेल्या जागेकडे पाहतो आणि तिच्या मापाचा मनुष्य शोधीत बसतो. तसा मनुष्य जगात असतो का? गेलेल्याच्या मापाचा दुसरा कोण असणार? या पोराने गेलेल्यांची जागा भरलीच नाही. त्याने सगळ्या रेषेलाच थोडे थोडे सरकण्यास शिकविले. जुन्यांचे जुनेपण त्याने काढून घेतले आणि त्यामुळे नव्यांचे नवेपण आपोआप गळून पडले! आता कोण उठतो आहे आणि कोण बसतो आहे हे पाहता पाहता माझे डोळे निवत, आणि म्हाताऱ्या अंगावर रोमांच उभे राहत.

एके दिवशी दुपारी मी त्या ठरावाविरुद्धच्या अर्जावर सही घेण्यासाठी नरसय्याच्या घरी गेलो. तो मागावर होता. मी अर्ज वाचून दाखविला. त्यात सातव्या कलमाची सहा अंगांनी चिरफाड केलेली होती. तो हात न थांबविता ऐकत होता. मध्येच ताण्यातला एक धागा तुटला. त्याने तोंडाने तुटक्या धाग्याची दोन टोके ओली केली, बोटांत नवा धागा वळून गाठ मारली, आणि धोटा पुन्हा सुटला. पुढच्या चार फेऱ्यांत ती गाठ कपड्यात नाहीशी झाली. हे सारे त्याने इतक्या सहजतेने केले की मी अर्ज वाचावयाचे विसरून तेच पाहत राहिलो.

“सई नंतर करतो काका,” तो म्हणाला. “सद्याला अजून खांबावर वळता येईना. त्येला पुनवंपतोर तयार केला पायजे. आत्ता भांडान लावलं तर त्यो भिऊन गिरनीतच बसंल.”

“अरे, पण तुझ्यावर अन्याय झाला आहे!”

“व्हय की,” तो म्हणाला, आणि धोटा फेकला.

कोपऱ्यात चरख्यावर सुताच्या कांड्या भरीत बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या आईने मोडक्यातोडक्या मराठीत विचारले, “सांजचा हजेरी, ह्यो नियम कोन केला जी? त्येला काम नाही काय सांजला?”

मी चष्मा पुसला, पाणी मागितले, आणि निघालो. आता ते राहिलेले नाव घालण्याची वेळ आली आहे. सातवे कलम माझ्या हातचे आहे. परगावचे भाडोत्री गडी आयत्या वेळी संघात घुसवू नयेत म्हणून, दोन वर्षांपूर्वी, संध्याकाळचा चहा घेऊन आरामखुर्चीत बसून मी ते लिहिले. भाषा निर्दोष, पळवाट एकही नाही. ‘सायंकाळ’ लिहिताना मी माझी सायंकाळ लिहिली. शहरात दुसऱ्या कोणाची सायंकाळ निराळी असेल, हे या विद्वान मस्तकात आले नाही. जबाबदार इसमांच्या यादीत पहिला क्रमांक माझा.

पौर्णिमेचा सामना. मैदानाभोवती दोर बांधलेला. चिटणिसांनी जातीने पाहिले की ते तिघे दोराच्या आत येणार नाहीत. तिघेही मुकाट्याने दोराबाहेर, खांबाच्या बाजूला उकिडवे बसले. बसलेही तसेच, जसे रेषेत बसतात! शेवटची पाळी आमची, समोरचा शेवटचा गडी मैदानात, आणि तो बाद झाला तरच सामना आमचा. तो होता पाऱ्यासारखा. हातात येई आणि निसटे. खो मागून खो पडत होता. रेषा पाण्यावरच्या लाटेसारखी उठत होती, बसत होती. कोण जुना आणि कोण नवा हे मला, रोज पाहणाऱ्याला, ओळखता येईना. आणि मग सदाशिवाच्या पाठीवर हात पडला. त्याने मागे पाहिले नाही. तो खांबाकडे सुटला, एका हाताने खांब धरला, आणि त्याचा तो लांबलचक देह असा काही फिरला की मी दोराबाहेर पाहिले, नरसय्या खरोखरच तेथे आहे ना म्हणून! तो तेथेच होता. त्याचा उजवा हात हवेत अर्धवट उचललेला, मूठ न दिसणाऱ्या खांबाभोवती मिटलेली. गडी बाद झाला. मैदान उसळले. मी, टोपी नीट केल्याशिवाय घराबाहेर न पडणारा मनुष्य, टोपी हरवून बसलो.

हे सारे मी पाहिले. आणि पंधरवड्याने चिटणिसांचा अहवाल वाचला: ‘सातव्या कलमाच्या कठोर अंमलबजावणीने संघात शिस्त आली, व त्या शिस्तीचाच हा विजय होय.’

विजय! ज्यांना हाकलले त्यांनी आपल्या जागी आलेल्यांस हाताला धरून शिकविले. आणि हाकलणारे म्हणतात, पाहा, हाकलल्याचा केवढा लाभ झाला! मी चिटणिसांस पाच पत्रे धाडली. ‘आपले पत्र पावले’ यापलीकडे एक अक्षर आले नाही. माझा क्रोध अजून शमलेला नाही, तरीही मला हे लपविता येत नाही की त्या क्रोधाहून मोठे असे काहीतरी मी या हिवाळ्यात पाहिले, आणि त्यापुढे माझी निर्दोष भाषा मला प्रथमच ओशाळवाणी वाटली. अन्याय झालेल्या माणसाने अन्यायाकडे पाठ करून, आधी संघ उभा करावा, हे धैर्य मजपाशी नाही. मला फक्त पत्रे लिहिता येतात. म्हणून हे लिहितो.

गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी मंडळाची वार्षिक सभा आहे. सातव्या कलमात पहाटेची हजेरी घालण्याची दुरुस्ती मी मांडणार आहे, आणि ती मांडण्यापूर्वी, हे कलम माझे व ही चूक माझी, असे सर्वांदेखत सांगणार आहे. नरसय्याने काल अर्जावर सही केली आहे. ती पुढे ठेवीन. त्यानंतर चिटणिसांनी उभे राहावे. अध्यक्षांच्या कानात नव्हे, उद्याच्या पत्रातून नव्हे, तर सभेपुढे, मोठ्याने, एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे: सदाशिवाला खांबावर वळावयास कोणी शिकविले? नाव घेऊन सांगावे.