गुडघ्यावर दोन थापा

दत्ताराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. "काका, बाबा गेले," त्याची मुलगी म्हणाली आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? आता त्याच्या अर्जाचं काय होणार... लाज वाटली, पण आलं तेच.

जोगेश्वरीत आमची दारं समोरासमोर. तो तोफखान्यातला निवृत्त हवालदार, मी निवृत्त सरकारी कारकून. तोफांनी त्याचे दोन्ही कान नेले होते. त्याला पैसे नको होते. कान नोकरीत गेले, एवढं कागदावर हवं होतं. दवाखाना संरक्षण खात्याचा. तिथले म्हणत, पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आणा. परराज्यातलं रेकॉर्ड ऑफिस म्हणे, अर्ज जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयातून येऊ द्या. ते कार्यालय राज्य सरकारचं. ते म्हणे, आधी दवाखान्याचा दाखला. उर्मट कुणीच नव्हतं. बसायला खुर्ची द्यायचे आणि पुढचं दार दाखवायचे. "हे आमच्याकडे येत नाही" हे मीही तीस वर्षं लोकांना ऐकवलेलं, त्यामुळे चिडायचीही सोय नव्हती. आम्ही नुसते गोल फिरत होतो.

"पुरावा मागतायत रे," तो मोठ्याने म्हणायचा. स्वतःचा आवाज त्याला कुठे कळायचा! "तोफेकडून पावती घ्यायची राहिली ना माझी!" अख्खं बाकडं हसायचं.

नाव पुकारलेलं त्याला ऐकू यायचं नाही, म्हणून मी सोबत. नाव आलं की मी त्याच्या गुडघ्यावर दोन थापा मारायच्या, की गडी ताठ उभा.

एकदा मी गेलो नाही. कंटाळलो होतो, खोटं कशाला बोलू? कडक इस्त्रीच्या शर्टात तो सकाळपासून कचेरी बंद होईपर्यंत बाकड्यावर बसला. शिपायाला विचारलंसुद्धा नाही. बोलावल्याशिवाय उठायचं नाही, ही पलटणीची शिस्त. नाव तीनदा पुकारलं गेलं होतं. फाइलवर 'अर्जदार गैरहजर' असा शेरा पडला आणि सगळं पुन्हा पहिल्या दारापासून.

"पुढच्या वेळी तू ये यार," एवढंच म्हणाला. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढची वेळ आलीच नाही.

परवा हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने माझं नाव पुकारलं. माझा हात आपोआप शेजारी गेला, रिकाम्या खुर्चीवर दोन थापा मारल्या... आणि मी बसूनच राहिलो. तिने तिसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा उठलो.